पैलबेटाचे पहिले उड्डाण

समुद्राच्या काठाशी असलेल्या एका जंगलात, तळ्याच्या शेजारी एक बगळी राहत असे आणि तिला सारखे प्रश्न पडत असत. म्हैस डुंबताना डोळे का मिटते? खेकडा सरळ चालायला लागला तर कुठे पोचेल? समुद्र संपतो तिथे काय सुरू होते? मुलांनो, असे प्रश्न तुम्हालाही पडत असतील आणि "गप्प बैस बघू" हे उत्तरही मिळत असेल. बगळीलाही तेच उत्तर मिळे. पण ती काही गप्प बसत नसे.

बगळी आणि तिचा नवरा बगळा यांचा एक छोटासा उद्योग होता. जंगलातल्या लहान प्राण्यांना पाठीवर बसवून बगळी इकडून तिकडे नेऊन सोडी. तळ्यावरून टेकडीवर, टेकडीवरून ओढ्यापलीकडे, फार झाले तर खाडीच्या तोंडापर्यंत. जिथे उतरे तिथल्या पाण्यातला एखादा मासा गट्ट करी आणि परत फिरे. प्रवाशांना चढवून द्यायचे काम बगळ्याकडे होते. तो स्वभावाने इतका भिडस्त की कुणाला 'नाही' म्हणणे त्याच्या चोचीतून निघतच नसे. कुणी कितीही सामान घेऊन आले तरी तो म्हणे, "असू दे, असू दे, चढा वर." एकदा एक गोगलगाय शेजारणीचे रिकामे घरही बरोबर घेऊन आली, तरी तो "असू दे"च म्हणाला. जवळच्या पल्ल्याला त्याने काही बिघडत नसे. उलट सगळे म्हणत, "बगळ्यांकडं कसं अगदी घरच्यासारखं वाटतं!"

दूरचा प्रवास मात्र करकोच्यांच्या हाती होता. त्यांचा थवा मोठा, पंख मोठे आणि रुबाब त्याहून मोठा. ते प्रवाशांना डोंगर ओलांडून उत्तरेच्या सरोवरावर नेत. जगात कुठेही जायचे असो, आधी ते सरोवर गाठायचे आणि तिथे दुसऱ्या थव्याची वाट पाहत बसायचे. समुद्रापलीकडे पैलबेट नावाचे एक बेट होते. तिथे जायचे तरी हाच द्राविडी प्राणायाम. निघालेला प्रवासी पोचेपर्यंत मोसम बदलून जाई.

एके दिवशी सकाळी खारूताई धापा टाकत बगळीकडे आली. तिची शेपटी नुसती थरथरत होती.

"बगळीताई, मला पैलबेटाला जायचंय. लवकरात लवकर."

"मग करकोच्यांकडं जा की."

"तिथूनच आले. ते म्हणतात, पुढच्या मोसमात पोचशील. अगं, माझी धाकटी लेक तिकडं आहे. मागच्या पुरात ओंडक्यावर बसून वाहत गेली पोर. जगली, वाचली, तिकडंच तिचा संसार झाला. काल समुद्रावरचा कुरव पक्षी निरोप घेऊन आला, तिला दिवस गेलेत म्हणून." खारूताईने डोळे पुसले. "पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. ती येऊ शकत नाही, तर मी माहेर घेऊन तिकडं जायला नको? पुढच्या मोसमात जाऊन काय नातवंडांची लग्नं लावू?"

बगळीने मान वाकडी केली. प्रश्न पडला की तिची मान अशीच वाकडी होई. "मला सांग, सगळे आधी उत्तरेला का जातात? इथून थेट का जात नाहीत?"

"मला काय माहीत, बाई? मला तर टेकडीपलीकडचंही काही माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," बगळी म्हणाली आणि एकदम खूश झाली. "मग विचारायला हवं!"

त्या दिवसापासून बगळीने जो सपाटा लावला तो विचारू नका. ती पहिल्यांदा गेली कुरव पक्ष्याकडे. कुरवाचा सगळा जन्म समुद्रावर गेलेला.

"कुरवदादा, पैलबेटाला थेट जाता येईल का?"

"मी जातोच की. पण माझ्या पाठीवर कुणी नसतं. तुझ्या पाठीवर असणार. म्हणून तू वाऱ्याच्या पाठीवर बैस."

"म्हणजे कसं?"

"आत्ता वारा समुद्रावरून जंगलाकडं येतोय. त्याच्याशी भांडत गेलीस तर निम्म्या वाटेत दमशील. पाऊस पुरता सरला की वारा फिरतो. काठावरच्या गवताचे तुरे ज्या दिवशी समुद्राकडं मान टाकतील, त्या दिवशी नीघ."

मग ती वाळूवर आलेल्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. "कासवआजोबा, वाटेत कुठं टेकायला जागा आहे का हो?"

कासवाने बराच वेळ विचार केला. कासवे घाईघाईने काहीच करत नाहीत, विचार तर नाहीच नाही. मग ते म्हणाले, "वाटेत मधोमध एक खडक आहे. दुपारच्या ओहोटीला तो उघडा पडतो. त्याच्या खळग्यांत मासळी अडकलेली असते, तुला खायलाही मिळेल. भरती लागली की मात्र खडक पाण्याखाली जातो."

"आणि मला उशीर झाला तर?"

"तर होऊ देऊ नकोस," असे म्हणून कासवाने मान आत घेतली.

बगळीने खेकड्याला भरतीची चिन्हे विचारली. घारीला ढगांविषयी विचारले. पैलबेटावर गोडे पाणी आहे का, साप आहेत का, उतरायला सपाट जागा आहे का, हे सगळे कुरवाला पुन्हा जाऊन विचारले. तो बिचारा तिला लांबून पाहूनच उडून जाऊ लागला. तिची ही चौकशी करकोच्यांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यांचा म्होरक्या तळ्यावर आला आणि एका पायावर उभा राहून हसला.

"बगळीबाई, म्हशींच्या पाठीवर बसून फुकट हिंडणारी जात तुमची. तुम्ही समुद्र ओलांडणार? अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अंथरूण लहान आहे खरं," बगळी म्हणाली, "पण पाय लांब आहेत आमचे. तुम्ही पैलबेटावर थेट का जात नाही हो?"

"आजवर कुणी गेलं नाही म्हणून."

"आणि कुणी का गेलं नाही?"

म्होरक्याने दुसरा पाय खाली टेकला. तो उडून गेला, पण तो प्रश्न काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

पाऊस सरत आला. बगळी रोज सकाळी गवताचे तुरे पाहायला जाई आणि तिच्या आधी खारूताई तिथे येऊन बसलेली असे. तुरे जंगलाकडेच झुकलेले असत. खारूताईचा जीव टांगणीला लागला होता. पौर्णिमेच्या सुमारास लेक बाळंत होणार होती आणि चंद्र रोज थोडा थोडा वाढत होता. शेवटी एका सकाळी तुरे आधी ताठ उभे राहिले, मग डुलले आणि त्यांनी हळूच समुद्राकडे माना टाकल्या.

"उद्या उजाडताच निघायचं," बगळी म्हणाली.

पण जंगलात एवढी मोठी गोष्ट घडणार आणि ती गाजावाजा न करता घडणार, असे कधी होते का? दुसऱ्या दिवशी उजाडताच तळ्याकाठी ही गर्दी! माकडांनी झाडांना वेलींची तोरणे बांधली होती. कोल्होबांना कुणी बोलावले नव्हते, तरी त्यांनी भाषण केले. त्यात पैलबेटाचा उल्लेख एकदाही आला नाही, कोल्होबांच्या आजोबांचा मात्र पुष्कळदा आला. बगळी सारखी सूर्याकडे पाहत होती. "निघते आता," असे ती म्हणाली की कुणीतरी म्हणे, "एवढं एक होऊ दे."

प्रवासी तीन होते. खारूताई तर होतीच. दुसरा होता तळ्यातला बेडूक. त्याचे तिकडे कुणी नव्हते. समुद्र आपल्या तळ्यापेक्षा मोठा आहे असे सगळे म्हणतात, ते खरे आहे का एवढेच त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. आणि तिसरा उंदीर. त्याला पैलबेटावर नवा उद्योग थाटायचा होता, पण कसला ते तो सांगत नव्हता. तिघांच्याही जवळ पानांत बांधलेली गाठोडी होती. खारूताईचे तिच्याहून मोठे, बेडकाचे डुचमळणारे, आणि उंदराचे लहानसेच, पण उचलताना उंदराचे डोळे बाहेर येत होते.

"एवढं चालेल ना?" खारूताईने बगळ्याला दबक्या आवाजात विचारले.

"असू दे, असू दे, चढा वर," बगळा म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

बगळीने प्रवाशांना बजावले, "शेपट्या आवरून बसा. पंखांच्या मुळाशी पाय ठेवू नका. भीती वाटली तर डोळे मिटा, पण मला चावू नका." ती उडणार, एवढ्यात हत्तीदादा पुढे आले. "शुभकार्य आहे. पाणी शिंपडल्याशिवाय कसं जाऊ देऊ?" असे म्हणून त्यांनी सोंडभर पाणी घेतले आणि बगळीवर अशी काही कमान धरली की ती पिसांच्या मुळापर्यंत भिजली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बेडकाला तर फारच आवडले. पंख वाळवण्यात बगळीचा आणखी वेळ गेला आणि ती उडाली तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते.

वारा मात्र कुरवाने सांगितला होता तसाच निघाला. त्याने बगळीला मागून अलगद उचलून धरले. खाली निळे पाणी, वर निळे आभाळ. बेडूक डोळे विस्फारून पाहत होता.

"हे आपल्या तळ्यापेक्षा थोडं मोठं दिसतंय," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बरंच मोठं."

बगळीला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. वारा पाठीशी आहे, आभाळ स्वच्छ आहे, मग पाठीला एवढी रग का लागली आहे? सूर्य तिच्या पुढे निघून गेला होता. तिने मान खाली घालून जोरजोरात पंख मारले. तरी दुपार टळून गेलीच. ती खडकापाशी पोचली तेव्हा तिथे खडक नव्हता, नुसते हिरवट पाणी होते.

"आता काय गं?" खारूताईने विचारले.

बगळीने पाण्यावरून एक फेरी मारली. मग पाय खाली सोडले आणि हळूच उतरली. पायांना खडक लागला. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत होते. आखूड पायांचा पक्षी असता तर तिथे बुडालाच असता. पण टेकायला जागा मिळाली तरी खळग्यांतली मासळी भरतीबरोबर केव्हाच निघून गेली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते. जवळच्या पल्ल्यावर उतरेल तिथे खायची सवय, त्यामुळे बरोबर काही घ्यावे हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. तिने पंख उघडून पाहिले. ते उघडले, पण तिघांना घेऊन वर उठण्याइतके बळ त्यांत उरले नव्हते. आणि पाणी चढत होते.

एवढ्यात वरून एक मोठी सावली गेली. करकोच्यांचा म्होरक्या! तो गंमत पाहायला मागोमाग आला होता. बगळीच्या गुडघ्यांवर आलेले पाणी त्याने पाहिले आणि त्याचे हसू मावळले.

"बगळीबाई, हट्ट पुरे झाला. प्रवासी माझ्या पाठीवर द्या. मी त्यांना परत जंगलात सोडतो. तुम्ही मोकळ्या पाठीनं कशाबशा याल."

"तुम्ही त्यांना पैलबेटावर नाही का सोडणार?"

"ठरलेल्या जागेशिवाय उतरायचं नाही, हा आमच्या थव्याचा नियम आहे. आणि गाठोडी चालणार नाहीत. प्रवाशाच्या गालात मावेल तेवढंच सामान."

उंदराने गाठोड्याला मिठी मारली. "हे सोडून? मी नाही येणार."

"मला अजून पलीकडचा काठ पाहायचाय," बेडूक म्हणाला.

खारूताई एकदा मागे पाही, एकदा पुढे. परत जायचे म्हणजे जीव वाचणार, पण लेक परक्या बेटावर एकटीच बाळंत होणार. पुढे जायचे म्हणजे कदाचित लेकीला आई उरणारच नाही. बिचारीला काही सुचेना. बगळीच्या डोळ्यांत पाणी आले. "तू जा, खारूताई," ती म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं होतं गं. तरी चुकलं. आता माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही."

खारूताईने तिच्या मानेवरून पुढे वाकून पाहिले. "वाटत नाही, की माहीत नाही?"

हा तर बगळीचाच प्रश्न होता, रोज दुसऱ्यांना विचारायचा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वारा बरोबर होता. वाट बरोबर होती. मग मला उशीर का झाला? पाठ एवढी का दुखतेय?" आणि तिची मान हळूहळू वाकडी झाली. "अगं बाई! मी कुरवाला विचारलं, कासवाला विचारलं, खेकड्याला आणि घारीला विचारलं. तुम्हाला विचारलंच नाही. तुमच्या गाठोड्यांत आहे तरी काय?"

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. आधी बेडूक बोलला. त्याने पाने सोडली, तर आत नारळाची करवंटी आणि करवंटीत पाणी. "आपल्या तळ्याचं आहे. तिकडचं पाणी मला मानवेल न मानवेल, म्हणून घेतलं. वाटेत दोन-तीनदा त्यात बसलोही."

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या बगळीचा घसा सुकून गेला होता. बेडूक बसलेले का असेना, तिने ते पाणी एका दमात संपवले आणि तिच्या जिवात जीव आला.

"आणि तुझ्यात काय आहे रे?"

उंदीर खाली मान घालून पुटपुटला, "दगड."

"दगड?"

"जात्याचा खालचा दगड. मला पैलबेटावर दळण दळून द्यायचा उद्योग काढायचाय."

"आणि वरचा दगड?"

"तो पुढच्या खेपेला आणणार होतो."

बगळीला एवढ्या संकटातही हसू फुटले. "म्हणजे समुद्रात उभं राहून मी दगड पाठीवर घेतलाय! उंदीरभाऊ, तो सोडावा लागेल."

तो दगड उंदराने कितीतरी दिवस दातांनी घासून गोल केला होता. त्याने तो कुणाला ढकलू दिला नाही. स्वतःच पाठ लावून ढकलला. दगड बगळीच्या पायांशी खडकावर जाऊन बसला आणि उंदराने दोन्ही पंजांनी तोंड झाकले. त्याची समजूत घालायला त्या वेळी कुणालाच सवड नव्हती.

पाठ एकदम हलकी झाली. पण पोटातल्या भुकेचे काय? सगळ्यांनी खारूताईकडे पाहिले. तिने आपले गाठोडे सोडले. आत डिंकाचे लाडू होते. एकावर एक रचलेले, एकसारखे वळलेले. बाभळीच्या फांद्याफांद्यांवरून वेचलेला डिंक होता त्यात. लेकीसाठी ते लाडू वळताना खारूताईने त्यातला एकही कण तोंडात टाकला नव्हता.

"बाळंतिणीचे आहेत," ती म्हणाली. "खा."

"अगं, लेकीचे लाडू! आणि मी मासळीशिवाय काही खात नाही."

"मीही कधी बगळीच्या पाठीवर बसून समुद्रावर आले नव्हते. खा म्हणते ना!"

बगळीने एक लाडू खाल्ला. मग दुसरा. खारूताई प्रत्येक लाडू देताना आधी तो हातात फिरवून पाही आणि मग चोचीत ठेवी. गाठोडे रिकामे होत गेले, पाठ हलकी होत गेली आणि बगळीच्या अंगात ऊब आली. शेवटचा लाडू मात्र खारूताईने उचलला आणि आपल्या गालात ठेवला. "एवढा एक तिच्यासाठी राहू दे," ती म्हणाली. बगळीनेही मान डोलावली.

करकोचा इतका वेळ वर घिरट्या घालत होता. आता तो म्हणाला, "निघा तर मग. मी वरून येतो तुमच्याबरोबर. पडलात तर निदान प्रवासी उचलीन." मुलांनो, तो रुबाबदार होता, पण वाईट नव्हता.

पाणी पोटाला लागण्याच्या आत बगळीने पंख पसरले, वाऱ्याची एक झुळूक येऊ दिली आणि ती उठली. पुन्हा निळे पाणी आणि निळे आभाळ. ऊन उतरू लागले तेव्हा समोर एक काळी रेघ दिसली. रेघेची झाडे झाली, झाडांचा किनारा झाला. "दिसला! पलीकडचा काठ दिसला!" बेडूक ओरडला. पण किनाऱ्याजवळ वारा भलतीकडून वाहू लागला. तो बगळीला परत समुद्राकडे ढकलू लागला. ती दोन हात पुढे जाई आणि एक हात मागे येई. तिचे पंख जड होऊ लागले. किनारा समोर दिसत होता आणि हाती येत नव्हता.

खारूताईने एकदा किनाऱ्याकडे पाहिले. मग ती बगळीच्या मानेला धरून पुढे पुढे सरकली, गालातला लाडू काढला आणि चोचीत सरकवला.

"अगं, तो तिचा..."

"बोलू नकोस. उड."

तो लाडू पोटात गेला. बगळीने दात असते तर दातच खाल्ले असते. नसल्यामुळे तिने नुसते डोळे मिटले आणि सगळा जीव पंखांत आणला. आणि एकदम तिच्या पायांना मऊ, कोमट वाळू लागली.

पैलबेट आले होते! उंदीर रुसून बसला होता, तोही उडी मारून उतरला. बेडूक मागे वळून समुद्राकडे पाहत बसला. करकोचा मात्र वरच घिरट्या घालत राहिला. नियम होता ना! तो मान लांब करून खाली ओरडला, "काय आहे हो तिथं? मलाही सांगा!" एवढे मोठे पंख असून त्याला ते वरूनच विचारावे लागत होते.

खारूताई लेकीचे घर शोधत निघाली. पहिल्याच झाडावरच्या खारीने वाट दाखवली. खारूताई चढली, पण शेवटच्या फांदीशी तिचे पाय अडखळले. आई बाळंतपणाला आली, आणि हात रिकामे! आत लेक गवताच्या गादीवर पडली होती. अजून बाळे झाली नव्हती. आईला पाहून तिला आधी खरेच वाटेना. मग ती रडू लागली आणि हसूही लागली.

"मी तुझ्यासाठी लाडू आणले होते गं," खारूताई म्हणाली. "डिंकाचे. वाटेत सगळे संपले. मी रिकाम्या हातांनी आले."

लेकीने डोळे पुसले. "डिंकाचे? आई, जरा बाहेर बघ तरी."

खारूताईने मागे वळून पाहिले. ज्या झाडावर ती उभी होती ते बाभळीचे होते. शेजारचेही बाभळीचे. पैलबेटावर जिकडे पाहावे तिकडे बाभळी होत्या आणि प्रत्येक खोडावर डिंकाचे पिवळे थेंब संध्याकाळच्या उन्हात चमकत होते. तिकडे डिंक मिळतो का, हे खारूताईने कुणाला विचारलेच नव्हते. परक्या बेटावर काहीच नसणार, असे ती धरून चालली होती.

"डिंक हवा तेवढा आहे इथं," लेक म्हणाली. "रोज वेचून आणते आणि रोज वाया जातो. लाडू वळायचे कसे, तेच मला येत नाही. तू येशील म्हणून वाट बघत होते."

त्या रात्री खारूताईला तीन नातवंडे झाली आणि दुसऱ्या सकाळी तिने लेकीला लाडू वळायला शिकवले. पहिला लाडू बाळंतिणीने खाल्ला. दुसरा बगळीने, कुणी विचारण्याच्या आधीच, मान पुढे करून घेतला.

पुढे पैलबेटाची फेरी नेमाने सुरू झाली. उंदराने तिकडच्याच दगडांचे जाते केले आणि त्याचे दळण जोरात चालले. खडकावर पडलेला त्याचा जुना दगड अजून तिथेच आहे. भरती असली तरी बगळी त्याच्यावर पाय टेकून दम खाते आणि सगळे त्याला 'उंदराची पायरी' म्हणतात. हत्तीदादा आता पाणी शिंपडतात ते बगळी परत आल्यावर. आणि बगळा? तो अजूनही कुणाला 'नाही' म्हणत नाही. फक्त "असू दे" म्हणायच्या आधी तो प्रत्येक प्रवाशाला विचारतो, "गाठोड्यात काय आहे हो?" बरेचदा उत्तर देता देता प्रवासीच निम्मे सामान काठावर ठेवून देतो.

तात्पर्य : दूरच्या वाटेची चौकशी साऱ्या जगाकडे करावी, पण जो आपल्या पाठीवर बसला आहे त्यालाही एकदा विचारावे, कारण पुष्कळदा आपल्या अडचणीचे कारण आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही त्याच्याच गाठोड्यात असतात.